लडाखला बाईकवर जायचं तर दिवस किती काढायचे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जूनच्या शेवटी तुम्ही तिघं दोन बाईकवर लडाखला निघताय. एका बाईकवर नवरा-बायको डबल सीट, दुसऱ्यावर मित्र एकटा. मनालीत भाड्याच्या बाईक घ्यायच्या, लेह गाठायचं, मग नुब्रा खोरं, पँगाँग तलाव, हानले गाव, उमलिंग ला खिंड आणि त्सो मोरीरी तलाव करून पुन्हा मनालीत बाईक जमा करायच्या. घरापासून घरापर्यंत नऊ दिवसांची रजा आहे. एवढ्यात होईल का, आणि नसेल होत तर किती दिवस हवेत?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. हा प्लॅन नऊ दिवसांत होत नाही. जसाच्या तसा करायचा तर पंधरा-सोळा दिवस लागतील, आणि तेही अंगावर न काढता, जेवण-झोप नीट सांभाळून. नऊच दिवस पक्के असतील तर यातल्या दोन-तीन गोष्टी सोडून द्याव्या लागतील. त्यामुळे खरा प्रश्न ‘किती दिवस लागतात’ हा नाहीच. हातात आहेत त्या दिवसांत काय सोडायचं, हा आहे.

सगळे जण नकाशा उघडतात, किलोमीटरची बेरीज करतात आणि रोजच्या दोनशेनं भागतात. सपाटीवर हा हिशेब चालतो. लडाखमध्ये दिवस ठरतात ते रात्री किती उंचीवर झोपता यावरून. दिवसा तुम्ही पाच हजार मीटरची खिंड ओलांडून गेलात आणि संध्याकाळी खाली उतरलात, तर शरीर बहुतेक वेळा निभावून नेतं. पण उंचावर आठ-दहा तास पडून राहायचं असेल तर त्याची तयारी आधीच्या रात्रींनी केलेली असावी लागते. डॉक्टर मंडळींचा साधारण नियम असा आहे की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, आणि तीन-चार दिवसांतून एकदा त्याच उंचीवर एक जादा रात्र काढावी.

आता हा नियम तुमच्या रस्त्यावर लावून बघा. मनाली साधारण २,०५० मीटर. पहिली रात्र जिस्पाला, म्हणजे ३,२०० च्या आसपास. इथवर ठीक. जिस्पाहून लेह सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे आहे आणि वाटेत बारालाचा, नकी ला, लाचुंग ला, तांगलांग ला अशा खिंडी आहेत. एका दिवसात हे अंतर कापणारे आहेत, पण पहाटे निघून अंधारात पोचतात. म्हणून बहुतेक लोक मध्ये सरचूला तंबूत राहतात. सरचू सुमारे ४,२९० मीटरवर. म्हणजे एका रात्रीत अकराशे मीटरची उडी, नियमाच्या दुपटीपेक्षा जास्त. पांगला थांबलात तर आणखी वर, ४,६०० च्या घरात.

सरचूची खरी अडचण उंचीपेक्षा जागेची आहे. उंचीचा त्रास वाढला तर एकमेव खात्रीचा उपाय म्हणजे खाली उतरणं. सरचूहून खाली उतरायचं तर आधी वर चढावं लागतं. मागे फिरलात तर ४,८९० मीटरचं बारालाचा, पुढे गेलात तर गाटा लूप्सची एकवीस वळणं, लाचुंग ला आणि शेवटी ५,३२८ मीटरचं तांगलांग ला. सरचूच्या तंबूत रात्री काय चालतं ते मी बऱ्याचदा पाहिलंय. संध्याकाळी हसत-खिदळत आलेला, व्यायाम करून कमावलेल्या अंगाचा मुलगा रात्री दोनला उशीला टेकून बसलेला असतो. डोकं दोन्ही हातांत धरलेलं, जेवण उलटून पडलेलं, आणि आडवं झालं की दम लागतो म्हणून झोपायचीही भीती. बाहेर अंधार, थंडी, पाण्याच्या बाटलीत बर्फाचा पापुद्रा. अशा वेळी त्याला कुठे नेणार? बरं, हा त्रास तब्येत बघून येत नाही. उलट दणकट माणूस पहिल्या दिवशी जास्त धावपळ करतो आणि तोच आधी आडवा होतो.

म्हणून मला कुणी विचारलं तर मी श्रीनगरहून आत जायला आणि मनालीकडून बाहेर पडायला सांगतो. श्रीनगर १,५८५ मीटर, दुसऱ्या रात्री कारगिल २,७०० च्या आत, तिसऱ्या रात्री लेह ३,५००. पायऱ्या कशा हलक्या आहेत बघा. वाटेत झोजिला (३,५२८) आणि फोटू ला (४,१०८) लागतात, पण त्या फक्त ओलांडायच्या आहेत, तिथे झोपायचं नाही. आणि परतताना सरचूला मुक्काम करावा लागला तरी तोवर तुमचं शरीर आठवडाभर उंचीवर मुरलेलं असतं. तोच तंबू, तीच थंडी, पण झोप लागते.

तुमच्या प्लॅनमध्ये मात्र इथेच खोडा आहे. श्रीनगरला भाड्यानं घेतलेली बाईक सहसा मनालीत सोडून देता येत नाही. जिथून घेतली तिथेच परत करावी लागते. शिवाय बाहेरून भाड्यानं आणलेल्या बाईकवर लेहपर्यंत पोचता येतं, पण नुब्रा-पँगाँग फिरायला लेहमधलीच भाड्याची बाईक घ्यावी, असा तिथल्या बाईकवाल्यांचा आग्रह असतो आणि वाटेत ते गाड्या अडवून तपासतातही. स्वतःच्या नावावरची बाईक असेल तर हा प्रश्न येत नाही. म्हणजे मनालीची बाईक लेहला उभी करून तिचं भाडं भरत राहायचं आणि वर लेहच्या बाईकचं वेगळं भाडं द्यायचं. वाद घालण्यात अर्धा दिवस जातो तो वेगळाच, आणि तो दिवस कुठल्याच प्लॅनमध्ये लिहिलेला नसतो.

दुसरा हिशेब वेगाचा. डोंगरात अंतर किलोमीटरमध्ये सांगू नका, तासांत सांगा. आता बराचसा रस्ता चांगला झालाय, त्यामुळे मोरेच्या पठारावर सलग चाळीसेक किलोमीटर सरळ डांबर मिळतं आणि माणूस फुशारतो. पण खिंडीच्या दोन्ही अंगांना वितळलेल्या बर्फाचा चिखल, ट्रकची रांग, काम चालू असल्यानं अडवलेला रस्ता, फोटो, चहा, हातमोजे काढून बोटं चोळणं हे सगळं धरलं तर दिवसाची सरासरी ताशी पंचवीस-तीसच्या पुढे जात नाही. डबल सीट आणि दोन्ही बाजूंना सामान असेल तर वीस-पंचवीस धरा. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. जे तुमच्या फुप्फुसांचं होतं तेच इंजिनाचं होतं. साडेतीनशे सीसीची गाडी दोघांना घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत चढते, आणि मागे बसलेल्या माणसाला दोन-तीन ठिकाणी उतरून चालावं लागतं. त्या उंचीवर शंभर पावलं चालणं म्हणजे काय, हे तिकडे गेल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे मागे बसणाऱ्याला विचारल्याशिवाय दिवस ठरवू नका. चालवणाऱ्याला वळणं आणि हँडल यांचा नाद असतो, मागचा माणूस नुसता थंडी आणि धक्के खात असतो.

पाण्याचाही एक तास असतो. बर्फ उन्हानं वितळतं, म्हणून रस्ता ओलांडणारे नाले सकाळी नरम आणि दुपारनंतर चवताळलेले असतात. सकाळी सातला जिथे फक्त टायरची रिम भिजते, तिथे चारला पाणी सायलेन्सरच्या वर असतं आणि खालचे गोटे दिसत नाहीत. पँगाँगच्या रस्त्यावरच्या एका नाल्याचं नावच पागल नाला पडलंय ते याच कारणानं. याचा अर्थ असा की सूर्य चौदा तास असला तरी तुमचा कामाचा दिवस पहाटे सहा ते दुपारी एक-दोन एवढाच. रोजचे सात-आठ तास. त्याला ताशी वीस-पंचवीसनं गुणा. दीडशे ते दोनशे किलोमीटर, त्यापुढे नाही.

हे दोन हिशेब एकत्र केले की ठिकाणांचा क्रमही आपोआप ठरतो. लेहमध्ये पहिला पूर्ण दिवस काही करायचं नाही. बाजारात हळूहळू चालायचं, भरपूर पाणी प्यायचं, परवान्याची आणि शुल्काची कामं उरकायची, बाईकची चेन-ब्रेक बघून घ्यायचे. मग नुब्रा. खारदुंग ला ओलांडताना तुम्ही ५,३५९ मीटरला जाता (तिथल्या जुन्या पाट्यांवर याहून बरीच जास्त उंची लिहिलेली असायची, फोटो काढा पण मनावर घेऊ नका), मात्र झोपता ते हुंडर किंवा डिस्किटला, म्हणजे लेहपेक्षाही खाली, साधारण ३,१०० मीटरवर. लेहनंतर एवढी सोयीची रात्र दुसरी नाही. पँगाँग त्यानंतर, कारण तिथे झोपायचं म्हणजे ४,२२५ मीटर. हानले, उमलिंग ला आणि त्सो मोरीरी सगळ्यांत शेवटी. उमलिंग ला ५,७९८ मीटरवर आहे. लेहला उतरून चौथ्या दिवशी तिथे जाऊन आल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. जाऊन आले, हे खरं. वाटेत कोण कुठे ऑक्सिजनच्या नळीला लागून बसलं होतं, ते व्हिडिओत येत नाही.

आता राखीव दिवस. माझा ठोकताळा असा की बाईकवरच्या दर पाच-सहा दिवसांमागे एक दिवस कोरा ठेवायचा. दरड कोसळते, जूनमध्येही खिंडीत अचानक बर्फ पडतं, सैन्याचा ताफा पुढे काढण्यासाठी रस्ता तासन्‌तास थांबतो, क्लचची वायर तुटते आणि जवळचा मेकॅनिक शंभर किलोमीटरवर असतो. जुलै-ऑगस्टमध्ये लेहकडे फारसा पाऊस नसतो, पण कुलू-मनालीच्या बाजूला पावसाळा जोरात असतो आणि दरडी तिथेच जास्त पडतात, म्हणून त्या महिन्यांत जाणाऱ्यांनी मनालीच्या अंगाला दोन कोरे दिवस धरावेत. हा दिवस ठेवायचा शेवटाकडे, सुरुवातीला नाही. सुरुवातीला ठेवला तर तो हमखास फिरण्यात खर्च होतो आणि अडचण येते परतीच्या वाटेवर. शेवटाला राहिला आणि लागलाच नाही, तर जिस्पाला नदीकाठी पाय पसरून बसा. त्यात काही वाया जात नाही.

बरेच जण विचारतात, की उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घेतली तर एखादा दिवस वाचतो का. गोळीनं मदत होते, काहींना ती घ्यायलाच हवी, पण दोन-तीन दिवसांत शरीरात होणारा बदल ती एका रात्रीत करत नाही. निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा, आणि दिवसांचा हिशेब गोळी नाहीच असं धरून करा. डोकेदुखी आणि मळमळ दिसली की त्या दिवशी वर चढायचं नाही. चालताना तोल जायला लागला, बोलणं अडखळलं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता खाली न्यायचं. लेहमध्ये सोनम नोर्बू मेमोरियल हॉस्पिटल आहे आणि तिथल्या डॉक्टरांना हे दुखणं रोजचं आहे.

मग तुमच्या नऊ दिवसांचं काय करायचं? मला तीन वाटा दिसतात.

माझी पसंती पहिलीला. विमानानं थेट लेह गाठा आणि बाईक तिथेच भाड्यानं घ्या. यावर तुमचा मित्र नाक मुरडणार, कारण रस्त्यानं जाण्यातच मजा आहे, आणि त्याचं खोटं नाही. मनाली-लेह रस्ता हा या सगळ्या प्रवासातला सर्वात देखणा भाग आहे. पण विमानानं गेलं की तीन-चार दिवस वाचतात असं समजू नका. सपाटीवरून दोन-चार तासांत ३,५०० मीटरवर उतरल्यामुळे दोन दिवस सक्तीनं विश्रांतीत जातात. हिशेब असा बसतो: पहिल्या दिवशी पोचलात, उरलेला दिवस आणि दुसरा अख्खा दिवस आराम. तिसऱ्या दिवशी निम्मूच्या संगमावरून आलचीपर्यंत जाऊन या. तो रस्ता लेहपेक्षा खालीच उतरतो आणि भाड्याच्या बाईकची खोडी काय आहे ते शहराजवळ असतानाच कळतं. चौथा दिवस नुब्रा. पाचव्या दिवशी श्योक नदीच्या काठानं पँगाँग, सहाव्या दिवशी चांग ला खिंड ओलांडून लेहला परत. श्योकचा रस्ता पाण्यानं बंद असेल तर नुब्राहून लेहलाच या आणि पँगाँगचा हट्ट धरू नका. सातवा दिवस कोरा. आठव्या दिवशी विमान. लेहची विमानं बहुतेक सकाळची असतात आणि हवामान बिघडलं की रद्द होतात, म्हणून नववा दिवसही रजेतच राहू द्या. हानले, उमलिंग ला आणि त्सो मोरीरी यात नाहीत, आणि ओढून-ताणून बसवूही नका.

दुसरी वाट म्हणजे मनाली ते लेह आणि परत, बस. जिस्पाला एक रात्र नव्हे तर दोन रात्री काढायच्या, मधल्या दिवशी सामान न घेता बारालाचाच्या दिशेनं थोडं वर जाऊन परत खाली यायचं, आणि मग सरचू. लेहला दोन रात्री, मग परत. यात नुब्रा नाही, पँगाँग नाही, मनालीच्या बाईकचं आणि लेहच्या बाईकचं असं दुहेरी भाडंही नाही. रस्ता मात्र पोटभर मिळतो. घरापासून मनालीला जाणं-येणं धरलं तर नऊ दिवस काठोकाठ भरतात, कोरा दिवस उरत नाही, म्हणून मी ही वाट रजा एक-दोन दिवसांनी वाढू शकते अशांनाच सांगतो. केलाँगच्या अलीकडे टंडीला टाकी फुल करा. पुढे पंप फार लांब आहे; ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ ही तिथली जुनी पाटी बऱ्याच बाईकवाल्यांच्या फोटोत दिसते. भाड्याच्या गाडीची टाकी दोघांच्या वजनाला किती पुरते याचा अंदाज मनालीतच घ्या आणि पाच-सात लिटरचा कॅन बांधा.

तिसरी वाट लडाख सोडून देण्याची. लगेच ‘छे’ म्हणू नका. सिमल्याहून किन्नौरमार्गे स्पीतीत गेलात तर मुक्कामांच्या उंचीची चढण श्रीनगर रस्त्याइतकीच समजूतदार आहे: सिमला २,२००, कल्पा २,९६०, नाको ३,६६० आणि मग काझा. कल्पा ते नाको ही पायरी नियमापेक्षा थोडी मोठी आहे, म्हणून कल्पाला दोन रात्री काढा. कुंझुम खिंड तोवर उघडलेली असेल तर मनालीकडून बाहेर पडा, नसेल तर आलात तसे परत. घरापासून घरापर्यंत नऊ दिवसांत हे नीट होतं, आणि भाड्याच्या बाईकवरून लेहमध्ये होणारी कटकट इथे नाही. बाईक सिमल्यात घेतली असेल तर मनालीहून ती परत पोचवायचा एक दिवस तेवढा हिशेबात धरा.

आणि रजा बारा-तेरा दिवस झाली, स्वतःच्या बाईक असल्या, तर श्रीनगर-लेह-नुब्रा-पँगाँग-मनाली हे आरामात होतं. तेव्हाही हानले पुढच्या खेपेला. मात्र बाईक रेल्वेनं पाठवणार असाल तर ती तुमच्या आधी पोचेल असं गृहीत धरू नका. दोन-तीन दिवस आधी पाठवा आणि सोडवून घ्यायला अर्धा दिवस वेगळा काढा. टाकी पूर्ण रिकामी करून द्यावी लागते, त्यामुळे स्टेशनपासून पंपापर्यंत ढकलावी लागेल हेही लक्षात असू द्या.

निघण्याआधी तिघांनी एकदा बसून दोन गोष्टी कागदावर लिहून काढा. एक, दिवस कमी पडला तर काय कापायचं आणि कुठल्या क्रमानं. तुमच्या बाबतीत मी आधी पँगाँगचा मुक्काम कापेन, मग अख्खं पँगाँग, मग आलची. लेहमधले विश्रांतीचे दोन दिवस त्या यादीत घ्यायचेच नाहीत. दोन, ‘आज पुढे जायचं नाही’ असं तिघांपैकी कुणीही म्हटलं तर त्यावर चर्चा होणार नाही, मागे बसणाऱ्या वहिनींनी म्हटलं तरी. रस्त्यावर थंडीत कुडकुडत असताना या गोष्टी ठरवायला गेलात तर हमखास भांडण होतं. कुठली वाट धरताय ते ठरलं की बाईकचं मॉडेल आणि तारखा कळवा, मग रोजचे मुक्काम बघू.